खोकला परीक्षा होईपर्यंत थांबेल का?

पत्र थोडक्यात: लिहिणारा मुलगा २२ वर्षांचा, मराठवाड्यातल्या एका खेड्यातून पुण्यात एमएस्सीला आलेला. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून कॉट बेसिसवर चौघांच्या खोलीत राहतो. दिवाळीहून परत आल्यापासून, म्हणजे महिना उलटून गेला, खोकला जात नाहीये. संध्याकाळी अंग कोमट लागतं, भूक मेलीये, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्या आणि सिरपवर दिवस काढतोय. एकदा जवळच्या प्रायव्हेट क्लिनिकमध्ये गेला, तिथं ५०० रुपये फी गेली आणि वर दोन-अडीच हजारांच्या तपासण्या लिहून दिल्या, त्या केल्याच नाहीत. रूममेट चेष्टेत 'टीबीबिबी झाला का रे' म्हणाला तेव्हापासून झोप उडालीये, कारण तसं काही निघालं तर खोलीवरून काढतील ही भीती. घरी सोयाबीनला भाव नाही, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फिटायचंय. परीक्षा तीन आठवड्यांवर आलीये. प्रश्न असा की परीक्षा होईपर्यंत असंच ओढावं आणि मग गावाकडच्या डॉक्टरांना दाखवावं, की घरी सांगून पैसे मागवावेत? "सरकारीत आपल्यासारख्याला कोण विचारतं ताई, आणि इन्शुरन्स तर नाहीच," असं शेवटी लिहिलंय.

ताई म्हणालास म्हणून सरळ तूच म्हणते.

आधी एक सांगून टाकते, मी डॉक्टर नाही, तुझ्या छातीत काय चाललंय ते मला इथं बसून कळणार नाही, आणि तुझ्या त्या रूममेटलाही कळणार नाही. अ‍ॅलर्जी असेल, दमा असेल, लांबलेलं इन्फेक्शन असेल. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला, त्यात संध्याकाळचा ताप, त्यात वजन उतरलेलं, असं सगळं एकत्र असलं की टीबीची तपासणी करून घ्यायची हा कुठल्याही सरकारी दवाखान्यातला रोजचा नियम आहे. तू काही जगावेगळा पेशंट नाहीयेस, त्यांच्याकडं असे रोज येतात.

आता तुझा प्रश्न. थांबू की घरून पैसे मागवू, असे दोनच रस्ते तू मांडलेस, आणि दोन्हीच्या मागं एकच गोष्ट तू धरून चाललायस की दाखवायचं म्हणजे खर्च होणार. त्या क्लिनिकमध्ये ५०० गेले, समोर अडीच हजारांची चिठ्ठी आली, आणि तिथंच तुझ्या डोक्यात बसलं की दुखणं म्हणजे एवढे पैसे. मग परीक्षेचं कारण आपोआप सुचलं. परीक्षा खरी आहे, मी नाही म्हणत नाही, पण समज उद्या कुणी सांगितलं की सगळं फुकट होतंय आणि अर्ध्या दिवसात होतंय, तर तू तीन आठवडे थांबला असतास का? मला नाही वाटत.

तर फुकटच होतं. ज्या तपासणीची तुला गरज आहे ती, म्हणजे बेडक्याची तपासणी, आणि टीबी निघालाच तर त्याची सगळी औषधं, हे राष्ट्रीय कार्यक्रमात येतं आणि देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात मोफत आहे, रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही. तू पत्रात लिहिलेला भाग बघता तुला औंधचं जिल्हा रुग्णालय सोयीचं पडेल. ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाखाली येतं आणि या विभागाच्या सगळ्या दवाखान्यांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत केलेत. औंधलाच छातीच्या आजारांचं वेगळं सरकारी रुग्णालयही आहे. स्टेशनजवळचं ससून मोठं आहे, तिथं सगळे स्पेशालिस्ट मिळतात, पण ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडं असल्यामुळं त्या मोफतच्या निर्णयात ते नाही, केसपेपरला आणि काही तपासण्यांना थोडे पैसे पडतात. थोडे म्हणजे तुझ्या त्या क्लिनिकच्या मानानं काहीच नाही, आणि टीबीचं जे असेल ते तिथंही फुकटच.

सरकारीत कोण विचारतं म्हणतोस, तर खरं सांगते, प्रेमानं कुणी विचारणार नाही. रांग असेल, खिडकीवरची बाई खेकसेल, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवतील, संडासाकडं न गेलेलं बरं. हे सगळं गृहीत धरून जा, म्हणजे चिडचिड होणार नाही. पण टीबीच्या बाबतीत सरकारी यंत्रणा प्रायव्हेटपेक्षा कमी नाहीये, उलट यातच तिचा हात बसलेला आहे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट नावाचं मशीन असतं, त्यात काही तासांत कळतं की जंतू आहेत का आणि मुख्य औषधाला ते दाद देणारेत की नाही. बाहेर याच तपासणीला हजारांच्या घरात पैसे जातात. मी सरकारी दवाखान्याची भक्त वगैरे नाही, गुडघा बदलायचा असता तर कदाचित वेगळं बोलले असते, पण तुझ्या लक्षणांना मी डोळे झाकून तिकडंच पाठवीन.

जायचं कसं ते सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याचा अर्धा दिवस इथंच जातो. ओपीडी सकाळची असते, त्यामुळं साडेआठपर्यंत पोच, आधार कार्ड आणि मोबाइल बरोबर ठेव. खिडकीवर केसपेपर काढताना 'खोकला आहे' एवढंच म्हणू नकोस, 'महिनाभर खोकला, संध्याकाळी ताप, वजन कमी झालंय' असं एका दमात सांग, म्हणजे बरोबर छातीच्या ओपीडीला लावतील. मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं कचऱ्यात गेली नसतील तर ती घेऊन जा आणि डॉक्टरांपुढं ठेव, लाजू नकोस. काही अँटिबायोटिक अशी आहेत की ती घेतली की टीबी असला तरी थोडे दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं, म्हणून काय काय पोटात गेलंय हे त्यांना कळायला हवं. आणि ते सिरप नि गोळ्या आता बंद, मेडिकलवाला दादा कितीही चांगला असला तरी.

बेडका द्यायचा म्हणजे थुंकी द्यायची नसते, बरेच जण इथं चुकतात आणि मग सँपल परत मागवतात. एक सँपल तिथंच घेतात आणि दुसऱ्यासाठी बहुतेक डबी देऊन सकाळचं आणायला सांगतात. सकाळी उठल्यावर काही खायच्या आधी नुसत्या पाण्यानं चूळ भर, दोन-तीनदा खोल श्वास घे आणि छातीतून खोकून जो घट्ट बेडका येईल तो डबीत, झाकण घट्ट. हे खोलीत करू नकोस, गच्चीवर किंवा मोकळ्यात जा, तिघं झोपलेत तिथं. बरोबर एक्स-रेही सांगतील.

आता 'परीक्षेनंतर' या कल्पनेबद्दल. तुला वाटतंय थांबलास तर नुकसान झालंच तर तुझं एकट्याचं. असं नाहीये. एका खोलीत चार कॉट, थंडीमुळं खिडक्या बंद, आणि टीबी हवेतून पसरतो. तुला तो असेलच असं नाही, पण असला तर या तीन आठवड्यांत तू त्या तिघांनाही तो देऊ शकतोस, त्यांचीही परीक्षा आहे. आणि उलटं बघ, नीट उपचार सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत माणसापासून दुसऱ्याला व्हायचा धोका बराच उतरतो. म्हणजे उद्या सुरू केलंस तर परीक्षेच्या हॉलमध्ये बसेपर्यंत तू इतरांच्या दृष्टीनं आजच्यापेक्षा सुरक्षित असशील. गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही दिवस मळमळेल, लघवी केशरी-लाल होईल, घाबरू नकोस, एका औषधाचा तो रंग आहे. पण डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर लगेच डॉक्टरांना दाखव. अभ्यास याच्यात होतो, खोकत आणि तापत होतो त्यापेक्षा बराच जास्त होतो. आणि नाही जमलं पेपर द्यायला, तर हातात सरकारी दवाखान्याची कागदं असतील, ती घेऊन विभागप्रमुखांशी बोलता येतं. अंगावर काढलेल्या दुखण्याचं सर्टिफिकेट कुणी देत नाही बाबा.

बेडक्यात रक्त दिसलं, धाप लागली, छातीत जोरात दुखायला लागलं, तर हे सकाळच्या ओपीडीचं सगळं विसर, रात्रीचे दोन असले तरी १०८ ला फोन करून सरळ कॅज्युअल्टी गाठ.

गावाकडच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणतोस त्यात मला तेवढं वावगं वाटत नाही, ओळखीच्या माणसाचा आधार असतो. पण त्यासाठी तीन आठवडे थांबायचं कारण नाही, कारण टीबी निघाला तर तुझी नोंद निक्षय नावाच्या ऑनलाइन यंत्रणेत होते आणि ती नोंद ट्रान्सफर करता येते. सुरुवात पुण्यात, सुट्टीत गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या, परत पुण्यात, असं चालतं, फक्त जायच्या आधी सांगायचं. उपचार साधारण सहा महिने असतात. महिन्या-दीड महिन्यात खोकला जातो, भूक परत येते, गाल भरतात, आणि नेमकं तेव्हाच लोक गोळ्या सोडतात, खासकरून गावी गेल्यावर. तू सोडू नकोस. अर्धवट सोडलेला टीबी परत येऊ शकतो, आणि तेव्हा तो साध्या औषधांना ऐकेलच असं नाही. उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबानं पैसे बँक खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते, त्यासाठी खात्याचा नंबर मागतील तो दे. अंडी, शेंगदाणे, दूध याला लाव ते, मेसच्या पातळ वरणावर तुझं वजन भरून येणार नाही.

मग खोलीवरून काढतील का. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, लोकं तशी वागतात. पण कुणाला काय कळणार हे आधी समजून घे. टीबी निघाला तर डॉक्टरला, अगदी प्रायव्हेट डॉक्टरलाही, सरकारच्या आरोग्य खात्याला कळवावं लागतं, २०१२ पासून तसा नियम आहे. ते खात्याला कळवणं झालं. कॉलेजला किंवा मालकीणबाईंना फोन करणं हे त्या नियमात कुठंही नाही, आणि तू सज्ञान आहेस, डॉक्टर तुझ्या परवानगीशिवाय घरीही फोन लावत बसत नाहीत. आरोग्य कर्मचारी मात्र चौकशीला फोन करतात, कधी पत्त्यावर येतात, म्हणून नोंद करतानाच स्वतःचा मोबाइल नंबर दे आणि 'यायच्या आधी फोन करा' असं सांगून ठेव.

रूममेटना मात्र सांगावं लागेल, यातून मी तुला सूट देणार नाही, तेही रिपोर्ट तसा आला तरच. त्यांचीही तपासणी व्हायला हवी, ती फुकट होते. सांगताना रडतपडत सांगू नकोस, 'मला निघालाय, औषध सुरू केलंय, तुम्ही पण एकदा तपासून घ्या, औंधला कुठल्या खोलीत जायचं ते मी सांगतो' असं सांग. रिपोर्ट यायच्या आधी कुणाला काही जाहीर करायची गरज नाही, पण खिडकी उघडी ठेवायची, खोलीत मास्क लावायचा आणि खोकताना तोंडावर रुमाल धरायचा हे आज रात्रीपासून. कुणी विचारलं तर खोकला आहे म्हण, खोटं थोडीच आहे. पुढं मालकीणबाईंचा प्रश्न आलाच तर डॉक्टरांकडून लिहून घेता येतं की उपचार सुरू आहेत आणि आता इतरांना धोका नाही, असा शिक्क्याचा कागद समोर ठेवला की बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

घरी सांगायचं का? माझ्या मते आज नाही. आज तुझ्याकडं सांगण्यासारखं काहीच नाहीये, नुसती भीती आहे, आणि ती फोनवरून गेली की वडील रात्रीच्या एसटीनं येऊन तुला घेऊन जातील, आई उपास धरेल. रिपोर्ट हातात आल्यावर, औषध सुरू झाल्यावर सांग: हे निघालंय, इलाज फुकट चाललाय, पैसे लागत नाहीत, मी पेपर देणारे. तू त्यांना लपवून वाचवतोयस असं तुला वाटतंय, पण बापाला पोराचा आजार तीन महिन्यांनी शेजाऱ्याकडून कळला तर जे होतं ते कर्जापेक्षा जड असतं.

इन्शुरन्स नाही म्हणालास तेही अर्धवट आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना केशरी-पिवळ्या कार्डवाल्यांसाठीच असते असं अजून बरेच जण धरून चालतात, पण २०२४ च्या जुलैपासून ती पांढऱ्यासकट सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती अ‍ॅडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आणि ऑपरेशनसाठी आहे, तुझ्या ओपीडीच्या खोकल्याला तिचा उपयोग नाही, म्हणून त्या क्लिनिकमध्ये ती दाखवून काही झालं नसतं. तरी रेशनकार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो आजच घरून मागवून ठेव, आणि त्यावर तुझं नाव आहे ना ते बघ, शिकायला बाहेर पडलेल्या पोरांची नावं कधी कधी भलतीच गळलेली असतात. रात्री अपरात्री अ‍ॅपेंडिक्स दुखायला लागलं की मग गावाला फोन करकरून कार्ड शोधायला लावतात, तो घोळ नको. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, आधी त्याला गाठायचं आणि मग पैसे भरायचे, आधी भरून नंतर योजनेत घ्या म्हटलं की अवघड जातं. हेल्पलाइन १५५३८८.

शिवाय तुझी फीची पावती काढ आणि नीट वाच. मेडिकल फी किंवा विमा असं काहीतरी त्यात बहुतेक सापडेल. विमा बऱ्याचदा फक्त अपघाताचा असतो, तरी काय आहे ते कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याला विचार, कारण पैसे तू भरलेस. विद्यापीठाचं आरोग्य केंद्र असेल तर तिथं जाऊन बघायला काही हरकत नाही, सर्दीताप, ड्रेसिंग, कुठं जायचं याची चिठ्ठी, एवढ्याला ते बरं असतं. कॉलेजमधली 'मेडिकल रूम' म्हणजे मात्र पुष्कळदा एक कॉट, एक वजनकाटा आणि कुलूप.

असंच काही अंगावर काढणारे बाकीचे पण हे वाचत असतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. पुण्यात नसाल तर आपापल्या गावातलं मोठं सरकारी कुठलं ते तुम्हाला माहीत असतंच, संभाजीनगरला घाटी, कोल्हापूरला सीपीआर, नागपुरात मेडिकल आणि मेयो, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे. तालुक्याला असाल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. मुलींनी पाळीच्या नाहीतर खालच्या दुखण्यासाठी गायनॅकच्या ओपीडीला जायला कचरू नये, 'लग्न झालंय का' हा प्रश्न येईल, तो तपासणी कशी करायची यासाठी असतो, उत्तर द्यायचं आणि पुढचं बोलायचं, टोमणा मारलाच तर डॉक्टर बदलायचा, दुखणं घेऊन परत यायचं नाही. झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो असं असेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि कायमची गोळी चालू असेल, थायरॉइडची, फिटची, तर डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा, बिलातला फरक पहिल्याच महिन्यात दिसतो.

तू पत्र पाठवलंस त्या दिवशी रात्रीचे पावणेदोन वाजले होते, म्हणजे खोकल्यानं नाहीतर काळजीनं जागाच होतास. परवा सोमवार आहे, सकाळचं लेक्चर बुडव. टीबी न निघता दुसरंच काही निघालं तरी तिथूनच पुढं लावून देतील, आणि काहीच निघालं नाही तरी खोकला कशाचा आहे हे विचारल्याशिवाय उठू नकोस. काय झालं ते मला जरूर लिही, पण रिपोर्टचा फोटो काढून 'ताई यात काय लिहिलंय' असं विचारू नकोस, तो ज्यांनी करायला सांगितलाय त्यांनाच दाखव.